शेवटचा फेरा मालकाचा

चहाचा शेवटचा घोट ते कधी पीत नसत. कपाच्या तळाशी बोटभर चहा ठेवायचे आणि कप खिडकीच्या कट्ट्यावर सरकवायचे. ताटात एक घास राहायचा. पेपरच्या शेवटच्या पानावरची खालची बातमी राहायची. दाढी केली तरी उजव्या कानाखाली दोन बोटं जागा तशीच. मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कप उचलताना रोज विचारायच्या, "ह्यो घोट कुणासाठी? कलेक्टर येणार हाय काय?"

"ऱ्हाऊ दे की," ते म्हणायचे. "थोडं ठेवावं."

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. पूर्ण नाव लिहिलेलं त्यांना आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही. सही करतानासुद्धा ते आडनावाचं शेवटचं अक्षर सोडून द्यायचे. बँकेतल्या साहेबांनी एकदा त्यांना अडवलं, सही अर्धवट आहे म्हणाले. हे शांतपणे म्हणाले, "साहेब, जेवढा मी हाय तेवढा लिवलाय." साहेबांनी पैसे दिले. सगळं रामनगर त्यांना मिस्त्री म्हणायचं, मी मामा म्हणत असे.

ते माझे घरमालक. बाजाराच्या मागच्या गल्लीत रस्त्याला लागून त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान, दुकानामागं घर, आणि घरामागं पूर्वीच्या गोठ्याची केलेली एक खोली. मी कुंभारवाडा गावाच्या पलीकडच्या वाडीतली. वडील जंगलात मजुरीला जायचे, आई दुसऱ्यांची भातं लावून मग आमचं लावायची. घरात पदवी घेतलेली मी पहिली. रामनगरच्या मराठी शाळेत अतिथी शिक्षिका म्हणून नेमणूक झाली, तेव्हा वडील एका हातात माझी ट्रंक आणि खांद्यावर फणस घेऊन खोली शोधत फिरले. एकट्या मुलीला खोली द्यायला लोक का-कू करत होते. मामांनी वडिलांकडे बघितलं, मग फणसाकडे.

"पिकलाय?"

"उद्या पिकतोय."

"मग बाईस्नी उद्यापास्नं ऱ्हावा म्हणावं."

एवढ्यावर खोली मिळाली. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी बावीस वर्षांची आणि ते सत्तरीकडे झुकलेले, तरी शाळेतली बाई म्हणून "बाई" आणि "तुमी". आमच्या घरात कुणाला असं बोलवलेलं मी ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागं वळून बघितलं होतं, कोणती बाई आली म्हणून.

खोली चांगली होती. फक्त न्हाणीच्या कोपऱ्यातली एक फरशी बसवलेली नव्हती, ती भिंतीला टेकवून उभी होती. भिंतीतल्या फळीला रंग होता, पण टोकाला वीतभर नव्हता. दाराच्या कडीला चार स्क्रू हवेत, तिथं तीन. चौथा स्क्रू हरवलाही नव्हता, तो खिडकीत एका बाटलीच्या झाकणात ठेवलेला होता. मी म्हटलं, "मामा, एवढा स्क्रू बसवून द्या की."

"बसवूया," ते म्हणाले. वर्ष गेलं. कडी रोज सकाळी खडखडायची, आणि मी रोज मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायची.

दुकानात काम बेताचंच असे. कर्नाटकच्या हद्दीतल्या आमच्या तालुक्यात शेतं जंगलाला चिकटून, त्यामुळे पिकांच्या राखणीसाठी परवाना असलेल्या जुन्या बंदुका अजून आहेत. कुणाचा लाकडी दस्ता फुटलेला, कुणाचा चाप सैल, कुणाच्या नळीत गंज. सकाळी दुकान उघडलं की मामा आधी एखादी मोकळी नळी उचलून तिच्यातून आभाळाकडे बघायचे, आणि ते बघून होईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक असो की पोलीस, थांबायचं. मी विचारलं होतं, काय दिसतं? म्हणाले, "आभाळ. पण कामापुरतं."

त्यांच्या काही समजुती साफ चुकीच्या होत्या, आणि त्या ते सर्वांत ठामपणे सांगत. पंख्याच्या वाऱ्यानं लोखंड नासतं, ही त्यातली एक. त्यामुळं मे महिन्यातही दुकानात पंखा नव्हता. स्वतः घामानं निथळायचे, गिऱ्हाइकालाही निथळायला लावायचे. काजळाचं मात्र खरं होतं. दोन भाग एकमेकांत नीट बसतात की नाही हे बघायला ते एका भागाला काजळ लावायचे. बसवून परत काढलं की जिथं घासतं तिथलं काजळ पुसलेलं दिसायचं. दिव्याची काजळी धरायचा कंटाळा, म्हणून मावशींची डबी पळवायचे. गल्लीत कुणी विचारलं, मावशी, आज डोळे मोकळे? तर मावशी म्हणायच्या, "आज काजळ बंदुकीनं घातलंय."

निवडणूक आली की तालुक्यातल्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. मग मामा तेलाची बाटली आणि फडकं घेऊन ठाण्यात जायचे, आजाऱ्याला भेटायला जावं तसं. प्रत्येक बंदुकीसमोर थोडं उभं राहायचे. "ह्या भिंतीला ओल हाय. ह्यास्नी पाठ लावून ठेवू नका," असं पोलिसाला सांगायचे. ठाण्यातला हवालदार कन्नड बोलणारा, पण आमच्याकडे सगळ्यांनाच दोन्ही भाषा येतात. तो मराठीत म्हणायचा, "मिस्त्री, तुमची माणसं बरी हायत. जेवली. झोपली. आता जावा."

शिकारीचं नाव काढलेलं त्यांना चालत नसे. एकदा जीपमधून तिघं आले. महागडे बूट, गळ्यात दुर्बीण. एकाकडं परवान्याची एकनळी रायफल होती. तिचं भोक मोठं करून मोठ्या जनावराचं काडतूस बसेल असं करा, म्हणाला.

"काय मारणार?" मामांनी विचारलं. हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत.

तो डोळा मिचकावून म्हणाला, "बघू, समोर काय येतं ते."

मामांनी रायफल परत त्याच्या हातात दिली. "माझ्याकडं घुशीबी येत्यात भोक मोठं करून घ्यायला. त्यास्नी म्या न्हाई म्हणतोय, तर तुमास्नी कसं व्हय म्हणू?"

तो चिडला. दुकान बंद करायला लावीन म्हणाला. मामा म्हणाले, "सुम्म, गुमान जावा. दार मीच लावतो." आणि खरोखरच उठून दार लावलं. अर्थात पूर्ण नाही. फटीतून जीप जाईपर्यंत बघत राहिले.

तरी मोठ्या काडतुसाचं एक काम त्यांना करायचंच होतं, आणि ते न करता आयुष्य जाईल की काय, ही भीती त्यांना होती. तरुणपणी ते बेळगावात एका उस्तादाकडे शिकले. उस्ताद जुन्या शिकारी रायफलींच्या नळ्यांमध्ये काडतुसाचं घर कोरण्यात नावाजलेला. शिकार बंद झाली, तसं ते कामही संपलं. मामा रामनगरला यायला निघाले तेव्हा उस्तादानं त्यांना एक रिमर दिली. काडतूस बसायला नळीच्या मागच्या तोंडात जागा कोरायचं हत्यार, दिसायला पोलादी कणसासारखं, अंगावर उभ्या धारा. ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून तुपाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेली असे. पाहुणा आला की डबा निघायचा, फडकं उलगडायचं, पाहुण्यानं "वा" म्हणायचं, की परत गुंडाळायचं.

"एक दिस हिला काम मिळंल," ते म्हणायचे.

"सवतीगत जपलीया," मावशी म्हणायच्या. "सवतीला निदान कामाला तरी लावलं असतं."

त्या रिमरला काम घेऊन आली सुभद्राक्का.

पावसाळ्यात नंदिगड्ड्याहून बसनं आली, घोंगड्यात गुंडाळलेली रायफल काखेत आणि परवान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत. पन्नाशीची, काटक बाई. नवरा गेल्यावर परवाना स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी तिनं कारवारला किती खेपा घातल्या, ते सांगताना ती हसत होती. रायफल सासऱ्याच्या काळातली, एका वेळी एकच काडतूस घेणारी. खालची दांडी ओढली की मागचा पोलादी ठोकळा खाली जातो, काडतूस घालायचं, दांडी वर केली की ठोकळा वर येऊन मागचं तोंड बंद करतो. अडचण अशी, की तिचं काडतूस आता कुठं मिळत नव्हतं.

"काय मारणार?" मामांनी विचारलं.

"मारत न्हाई ओ. गवा भातात उतरला की बांधावर हुबं ऱ्हाऊन आभाळात एक बार काढायचा. डबं बडवून बगितलं. डबं वाजलं की गवा मान वर करून बगतोय, ही बाई काय म्हणतीया म्हणून. परत खातोय. फटाक्यालाबी आता वळकतोय त्यो."

मामा गालात हसले. हे उत्तर त्यांना पटलं होतं.

मग तिनं बाकीचं सांगितलं. वर्षाअखेरीला परवान्याचं नूतनीकरण. कचेरीत सांगितलं होतं की बंदूक चालू हवी आणि तिचं काडतूस बाजारात मिळणारं हवं, नाहीतर जमा करा. एकदा जमा झाली की परत मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं. मुलगा मडगावला हॉटेलात कामाला. तो म्हणत होता, शेत सोड, इकडे ये. तिनं त्याला शब्द दिला होता. बंदूक राहिली तर शेत, नाही तर मडगाव.

मामांनी रायफल उघडली, नळीतून आभाळ बघितलं, बाहेरून बोट फिरवलं, ठोकळा वाजवून बघितला. मग म्हणाले, "नळी जाड हाय. ठोकळा दांडगा हाय. सोसंल." ते उठून आत गेले आणि तुपाचा डबा घेऊन आले. बेळगावच्या दुकानात अजून मिळणारं एक मोठं काडतूस होतं. गोळीची जाडी तीच, पितळी कवच मात्र लांब आणि रुंद. उस्तादाची रिमर नेमकी त्याच काडतुसाची होती. दारात उभ्या असलेल्या मावशी त्या दिवशी सवतीबद्दल काही बोलल्या नाहीत.

हा बदल करायच्या परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये मी लिहिला. परवानगी हातात पडेपर्यंत मामांनी रायफलीला तेल लावण्याखेरीज काही केलं नाही, त्या बाबतीत ते कडक. कागद आला तो गणपती झाल्यावर. मग कामाला सुरुवात झाली. नळी शेगड्यात, म्हणजे टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, घट्ट आवळलेली, रिमरला आडवी मूठ, आणि सगळं हातानं. थोडं फिरवायचं, रिमर बाहेर काढायची, बारीक कीस पुसायचा, तेल, परत. मापासाठी दारू काढून टाकलेलं एक मोकळं काडतूस होतं. त्याला काजळ लावून आत घालायचं, बाहेर काढून खिडकीशी धरायचं. शाळा सुटल्यावर मी दारातून बघत असे. इतकं आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चहा आख्खाच्या आख्खा थंड व्हायचा.

आणि मग काम थांबलं.

काडतूस जवळजवळ आत बसत होतं. दांडी वर केली की ठोकळा वर यायचा आणि अगदी शेवटी अडायचा. केसभर जागा राहिली होती. त्या केसभर जागेशी मामा थांबले ते थांबलेच. सुभद्राक्का आली, तर म्हणाले, आज हवा दमट हाय. पुढच्या वेळी आली, तर काजळ जुनं झालं होतं. खंडेनवमीला लोकांनी दुकानात बंदुका आणल्या, पूजा झाली, सगळ्यांना झेंडूची फुलं वाहिली. सुभद्राक्काच्या नळीला मामांनी फूल वाहिलं नाही. शेतात भात पोटरीला येऊन निसवलं होतं. तिच्या वाडीवर गवे दोनदा उतरून गेले होते.

"भ्यालाय," मावशी मला न्हाणीपाशी हळूच म्हणाल्या. "एका डोळ्यात मोतीबिंदू हाय. कुणाला सांगत न्हाई. बोटं चांगली हायत, पर मन भ्यालंय."

मला वाटलं होतं, ही त्यांची नेहमीचीच खोड. घोट ठेवतात तसं हे ठेवलंय. मावशींचं ऐकून मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

तिसऱ्या खेपेला सुभद्राक्काची परतीची बस चुकली, म्हणून ती माझ्या खोलीत राहिली. भाकरी खाताना तिचं लक्ष कडीकडे गेलं.

"ह्यो इस्क्रू असा कुणी ठेवला गे बाय?"

मी तिला चहाचा घोट, ताटातला घास, सही, सगळं सांगितलं. ती खूप हसली. मग म्हणाली, "मडगावला पोराची खोली बगून आलोय मी. पोरगा गुणाचा हाय, सून गुणाची हाय. खोलीला खिडकी हाय. खिडकीतनं बगितलं की दुसऱ्याची खिडकी हाय." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मिस्त्री भितोय काय?"

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही, अक्का."

"भीना का," ती म्हणाली. "मीबी भितोय."

आमच्याकडच्या काही बायका स्वतःबद्दल बोलताना असं "भितो", "येतो" म्हणतात. तिच्या तोंडी ते फार शोभायचं.

सकाळी मी शाळेला निघाले होते, पण दुकानाच्या दारातच थांबले. मामा नळीतून आभाळ बघत होते. सुभद्राक्का त्यांचं बघून होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "मिस्त्री, किती ऱ्हायलंय?"

"केसभर."

"मग कापा की."

मामांनी नळी शेगड्यात आवळली. रिमर घातली. मूठ दोन्ही हातांनी धरली आणि तशीच धरून राहिले. कपाळावरून घाम ओघळला. मग हात काढून धोतराला पुसले.

"कापल्यालं लोखंड परत येत न्हाई, सुभद्राक्का," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. "कमी कापलं तर परत कापता येतंय. केसभर जास्त गेलं तर काडतूस आत हलतंय. कवच फुटतंय. आग मागं येतीया. तुझ्या तोंडावर."

"आनी कापलंच न्हाई तर?" मावशी आतल्या दारातून म्हणाल्या. "तर ती मडगावला जाती. ह्यो रिमरचा डबा काय मग जाळायचा हाय?"

"तू सुम्म बस."

"बसतो."

सुभद्राक्कानं पदर खोचला. "तोंड माझं हाय न्हवं? मग हातबी माझाच लागू दे. सरका, मामा."

तोवर ती त्यांना मिस्त्री म्हणत होती. मामा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. मग ते अगदी हळू म्हणाले, "बराबर हाय. उस्ताद म्हणायचे. शेवटचा फेरा मालकाचा."

ते बाजूला झाले. तिचे हात मुठीवर ठेवले. "दाबायचं न्हाई. जात्यागत वढायचं न्हाई. ताक घुसळताना रवी धरतीस का, तशी धर. वजन तिचं तिला सोसू दे. उलटं मातर फिरवायचं न्हाई, कंदीच." मग त्यांनी डोळे मिटले आणि बोटांची टोकं नळीवर ठेवली, वैद्य नाडी बघतो तशी.

तिनं फिरवलं. खर्र असा अगदी बारीक आवाज आला, तांदूळ सुपात सरकावे तसा.

"थांब."

रिमर काढली, कीस पुसला, काजळ लावलेलं काडतूस घातलं, ठोकळा बसवून दांडी वर केली. ठोकळा अडला. परत तेच. परत अडला. मामा आता घामेजलेले नव्हते. शाळेत मूल पाढा म्हणत असताना आपण नुसती मान हलवतो, तसे ते मान हलवत होते. "आता श्वास धरू नगस. श्वास धरला की हात धावतोय." तिनं श्वास सोडला आणि किंचित फिरवलं.

"बास."

या वेळी त्यांनी तिलाच दांडी वर करायला लावली. ठोकळा सरळ वर आला आणि टक् असा आवाज करून बसला. तिनं उघडला. परत लावला. टक्. काडतूस आत घट्ट नव्हतं आणि हलतही नव्हतं.

"झालं?" मावशींनी विचारलं.

"झालं," मामा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

शाळेत मला उशीर झाला. मुख्याध्यापकांना मी खरं कारण सांगितलं, त्यांना ते बहुधा पटलं नाही.

चाचणी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत झाली, ठाण्याला कळवून. हवालदार स्वतः आला होता. रायफल जुन्या टायरला बांधली, चापाला लांब दोरी. सगळे खडकामागे. दोरी ओढायचा मान अर्थात सुभद्राक्काचा. मामांनी तिला आधीच सांगितलं होतं, "घाबरलीस तरी वढ." बार झाला. छातीत धक्का बसेल असा आवाज. आम्ही उठणार, तोच सुभद्राक्कानं हात वर करून थांबवलं. समोरच्या डोंगराला लागून आवाज परत आला, जाड आणि लांब.

"आला परत," ती म्हणाली. "सासरा सांगायचा तसाच."

मामांनी रिकामं कवच काढलं, चांगल्या डोळ्याशी धरलं, नख फिरवलं. कुठं फुगलं नव्हतं, कुठं चीर नव्हती. त्यांनी ते तिच्या हातात दिलं. ते अजून ऊन होतं. हवालदार म्हणाला, "मिस्त्री, आता ही ठाण्यात आली तर हिला ओलीच्या भिंतीला लावणार नाही."

नूतनीकरणाचा शिक्का पडला. भात पिकलं. एकदा गवे उतरले आणि एका बारात डोंगराकडे गेले, असा निरोप बसच्या कंडक्टरकडून आला.

मी एकदा मावशींना विचारलं, उस्तादांचा हा नियम मामांनी आधी कधी सांगितला होता का? मावशी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "लगीन होऊन पंचेचाळीस वर्सं झाली. उस्ताद जेवायला बसताना काय म्हणायचा तेबी मला पाठ हाय. ह्यो नियम मी त्या दिवशीच ऐकला." एक खडा वेचून टाकला आणि म्हणाल्या, "पर चांगला हाय."

नियम उस्तादांचा असो की त्या सकाळचा, मामा त्यानंतर त्याच्यावरच जगू लागले. आधी ते नुसतं थोडं ठेवायचे, आता ज्याचं त्याला देऊ लागले. दस्ता दुरुस्त केला की शेवटचा पॉलिशचा हात गिऱ्हाइकानं मारायचा. लोक कुरकुर करायचे, दुकान तुमचं की आमचं? पण बंदूक घेऊन जाताना तिच्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघायचे. चहाचा शेवटचा घोट आता कट्ट्यावर राहत नसे. "ये गं," अशी हाक यायची, आणि मावशी "उष्टं पाजतोय म्हातारा" म्हणत तो पिऊन टाकायच्या.

कडीचा चौथा स्क्रू मी स्वतः बसवला, मामांचा स्क्रूड्रायव्हर मागून आणून. सोपं काम होतं. संध्याकाळी ते आले, कडी लावून बघितली, काढून बघितली. खडखडली नाही. "वरीस लागलं व्हय, बाई," एवढंच म्हणाले. ती खोली त्या दिवशी माझी झाली. मला त्याआधी माझी अशी खोली कधीच नव्हती.

आता मी हल्याळ तालुक्यात कायम नोकरीत आहे. रामनगरची खोली सोडताना तो चौथा स्क्रू मी परत काढला आणि खिडकीतल्या झाकणात ठेवून दिला. माझ्यानंतर तिथं आरोग्य केंद्रातली एक नर्स राहायला येणार होती.

पण मामांची आठवण काढली की मला आठवतो तो संक्रांतीच्या आधीचा एक दिवस. नंदिगड्ड्याच्या बसमधून कंडक्टरनं नव्या तांदळाचं पोतं आमच्या दारात उतरवलं. सुभद्राक्कानं पाठवलेलं. पोत्याचं तोंड सुतळीनं सुबक शिवलेलं होतं, पण पूर्ण नाही. कोपऱ्यातले शेवटचे टाके ठेवलेले, सुतळी लोंबत आणि दाभण तिथंच पोत्यात खोचलेलं.

मावशींना कळायला क्षणभर लागला. मग त्या पोत्यावर हात मारून हसायला लागल्या. "घ्या. मालक. तुमचा फेरा."

मामा पोत्यासमोर पाट घेऊन बसले. दाभण उपसलं. पोत्याच्या तोंडातून वास येत होता, नव्या तांदळाचा. त्यांनी बोटानं चार दाणे काढून हातावर घेतले, बघितले, परत आत टाकले.

"आता शिवताय कशापायी?" मावशी म्हणाल्या. "आजच तर भात टाकायचाय. शिवायचं आनी परत उसवायचं?"

त्यांनी चांगला डोळा पोत्याला लावून एकेक टाका घातला, सुतळी ओढून घट्ट केली. मी वाट बघत होते, आता शेवटचा ठेवतील. त्यांनी तोही घातला, गाठ मारली आणि उरलेली सुतळी दातानं तोडली. मग पोत्यावर हात फिरवून उठले आणि दाभण मावशींच्या हातात दिलं.

"आता उसवा," म्हणाले.